विकत घेतलेली सहजता

सहजता हीदेखील विकावयाची वस्तू आहे, हा शोध बाजाराने लावला आणि तो आता बुलढाणा जिल्ह्यातील लग्नमंडपांपर्यंत येऊन पोचला आहे. लोणार तालुक्यातील सुलतानपूरसारखे गाव घ्यावे. अशा गावात पूर्वी लग्नाचे छायाचित्र म्हणजे ताठ उभे असलेले वधूवर, दोहो बाजूंना अवघडलेले आईवडील आणि आहेर देऊन पुढे सरकणारी पाहुण्यांची रांग. त्या चित्रात अवघडलेपण होते, परंतु फसवणूक नव्हती. फोटो निघत आहे हे सर्वांना ठाऊक असे आणि चेहऱ्यांवर ते स्पष्ट दिसे. आज त्याच्या जोडीला 'कॅण्डिड' फोटो काढणारा वेगळा लागतो. नकळत फुटलेले हसू, नकळत ओघळलेला अश्रू त्याने टिपावयाचा. आणि तो नीट टिपता यावा म्हणून वधूने पाठवणीच्या वेळी पुन्हा एकदा मागे वळून पाहावयाचे!

यावर कॅमेऱ्यालाच दोष देणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नाही. ज्या शेतमजूर बाईचे एकटीचे छायाचित्र केवळ आधार कार्डावर आहे, तिला लेकीच्या हळदीत खळखळून हसतानाची आपली छबी जपून ठेवावीशी वाटली, तर त्यात चंगळवाद कोणता? माणसाला आपल्या आनंदाची खूण हवी असते. प्रश्न त्या खुणेचा नाही. तिच्या किमतीचा आणि तीतून काय वगळले जाते याचा आहे.

या संदर्भात 'कॅण्डिड' या शब्दाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. जर्मन छायाचित्रकार एरिख सालोमन याने १९२८ पासून न्यायालयांत आणि आंतरराष्ट्रीय परिषदांत कॅमेरा लपवून नेला आणि मुत्सद्द्यांना, मंत्र्यांना ते बेसावध असताना टिपले. त्याच्या चित्रांमुळे 'कॅण्डिड कॅमेरा' हा शब्दप्रयोग रूढ झाला. ज्यू असल्यामुळे नाझींनी त्याला ऑशविट्झला पाठविले; १९४४ साली तेथेच त्याचा अंत झाला. इकडे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना यांनी टिपलेली छायाचित्रे 'पीपल्स वॉर' या साम्यवादी साप्ताहिकातून देशापुढे आली. सत्ताधाऱ्यांना जे दाखवावयाचे नसते ते दाखविणे, हे या निःसंकोच कॅमेऱ्याचे मूळ कार्य होते. तोच कॅमेरा आता यजमानाला जे दाखवावयाचे आहे तेवढेच दाखविण्यासाठी भाड्याने मिळतो. हुंड्याची बोलणी, सोयाबीनच्या भरवशावर काढलेली उसनवारी, पहाटेपासून चुलीपाशी राबणारा आचारी, उष्टी पात्रे घासणाऱ्या बाया, यांतील काहीही अल्बममध्ये नसते. मग ही सहजता कोणाची?

अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ सालीच दाखवून दिले होते की, प्रतिष्ठेसाठी केलेल्या खर्चाचे मोल वस्तूच्या उपयोगात नसून तो खर्च इतरांना दिसण्यात असते. लग्नाच्या बाबतीत याचा अर्थ शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगावयास नको. एकाने बोअर खोल नेली की शेजारच्याची विहीर आटते. त्यालाही खोल जावे लागते. शिवारातले पाणी मात्र वाढत नाही. एका घरी ड्रोन फिरला की दुसऱ्या घरी तो नसणे ही नामुष्की ठरते. आनंद होता तेवढाच राहतो, खर्च मात्र वाढतो. आणि त्याचा मोठा वाटा मुलीच्या बापाच्या माथी येतो.

येथे दुसऱ्या बाजूच्या उपदेशकांचाही समाचार घेतला पाहिजे. शेतकरी लग्नापायी कर्जबाजारी होतो, हे रडगाणे जुनेच आहे. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगानेच नमूद केले होते की, लग्नखर्चाला अवास्तव महत्त्व दिले गेले आहे. अन्न, बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी वारंवार काढावी लागणारी लहान कर्जेच रयतेचा बोजा अधिक वाढवितात. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला आणि बाजारात त्याहून कमी भावाने माल विकावा लागला. भाव पाडणाऱ्या धोरणाविषयी मौन बाळगून शेतकऱ्याच्या अल्बमवर बोट ठेवणे हा शुद्ध ढोंगीपणा आहे.

२०२५ साली पुणे जिल्ह्यातील एका विवाहितेच्या मृत्यूने हुंड्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. त्यानंतर मराठा समाजाच्या बैठकांतून लग्नाच्या आचारसंहिता निघाल्या. त्यांत हुंडा नको, डीजे नको, प्री-वेडिंग नको अशी कलमे होती. हुंडाविरोधाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु सुधारणेचा अधिकार जातीच्या हाती जावा, हे पुरोगामी चळवळीचे अपयश आहे. शिवाय प्री-वेडिंगला होणारा विरोध दर वेळी खर्चाला असतोच असे नाही. पुष्कळदा तो मुलगी लग्नाआधी आपल्या नियोजित वराबरोबर मोकळेपणाने वावरते, याला असतो. पहिला आक्षेप समाजवादी आहे, दुसरा निव्वळ सरंजामी. दोहोंची गल्लत कार्यकर्त्यांनी करू नये.

आणि फोटोग्राफर? तोही शत्रू नव्हे. गावातला स्टुडिओवाला बहुधा शेतकऱ्याचाच मुलगा असतो. महागडा कॅमेरा कर्जाने घ्यावयाचा, मोजक्या तिथींत वर्षाची कमाई करावयाची, रात्री जागून चित्रे निवडावयाची, आणि अल्बम हाती पडला तरी उरलेल्या पैशासाठी खेटे घालावयाचे. शहरातली बडी मंडळी कंत्राट घेतात तेव्हा तोच रोजंदारीवर त्यांच्या हाताखाली राबतो.

तेव्हा मार्ग बंदीचा नाही, पर्यायाचा आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच डिसेंबरात पुरोहिताविना पहिला सत्यशोधक विवाह लावून दाखविला. विवाह लोकांच्या हाती देता येतो, याचा तो वस्तुपाठ होता. आज सामूहिक विवाह असो वा नोंदणी पद्धतीचा, गावातल्याच फोटोग्राफरला ठरलेला, रोख आणि पुरेसा मोबदला द्यावा; खर्च दोन्ही घरांनी निम्मा निम्मा उचलावा; काय टिपावयाचे आणि काय नाही हे वधूला विचारावे; आणि आचारी, वाढपी, वाजंत्री यांनाही त्या चित्रांत त्यांच्या चेहऱ्यांसह स्थान द्यावे. आरंभ कार्यकर्त्यांच्या स्वतःच्या घरांतून झाला पाहिजे. ज्या लग्नात लपविण्यासारखे काही नसेल, त्या लग्नात सहजता विकत आणावी लागणार नाही.