सेवा की वेठबिगार?

२२ मार्च २०२० च्या सायंकाळी पाच वाजता या देशाने थाळ्या वाजवल्या. ३ मे रोजी सैन्यदलांच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. ती कृतज्ञता खरी होती. तिची टवाळी करणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. परंतु ज्यांच्यावर फुले पडली, त्या परिचारिकांच्या पदरात पुढे काय पडले, हे विचारण्याचा पहिला अधिकार थाळी वाजवणाऱ्यांचाच आहे. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील शासकीय परिचारिकांना संपावर जावे लागले. रिक्त पदे बाह्यस्रोतांद्वारे, कंत्राटी पद्धतीने भरू नका, ही त्यांची प्रमुख मागणी होती. जुलै २०२५ मध्ये कंत्राटी भरतीच्याच विरोधात पुन्हा संप झाला. मधल्या काळात मंत्रालयातील सरकारे बदलली, गाऱ्हाणे बदलले नाही. तेव्हा हा लेख अमुक पक्षाविरुद्ध आहे, अशी सोयीची समजूत कोणी करून घेऊ नये.

थोडा हिशेब मांडू. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असा आहे. शिवाय रजेवर जाणाऱ्यांसाठी तीस टक्के राखीव. ऐकायला हे भरघोस वाटते. पण दिवसाच्या तीन पाळ्या असतात. म्हणजे निकष तंतोतंत पाळला तरी एकीच्या वाट्याला एका वेळी नऊ किंवा पंधरा खाटा येतात. आता जिल्हा रुग्णालयात कधी रात्र काढली असेल तर आठवून पाहा. खाटा भरलेल्या, दोन खाटांमध्ये जमिनीवर गाद्या, आणि एवढ्या कक्षाला एक किंवा दोन सिस्टर. चाळीस रुग्ण, एक परिचारिका आणि बारा तासांची रात्रपाळी धरली, तर एका रुग्णाला संपूर्ण रात्रीतून अठरा मिनिटे मिळतात. त्यातच इंजेक्शने, सलाईन, ताप-रक्तदाबाच्या नोंदी, नवा दाखला, एखादा मृत्यू, त्या मृत्यूचे कागद आणि सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देणे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, असे पाठ्यपुस्तक सांगते. ती बदलते कोण? बहुधा रुग्णाची बायको किंवा मुलगा.

या महाराष्ट्रातच परिचर्येचा एक आदर्श घडलेला आहे. १९७३ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तेथीलच सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, बेचाळीस वर्षे, परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. अंगावर शय्याव्रण उमटू दिला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या शुश्रूषेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. आमच्या परिचारिकांना काय करता येते, याचा यापेक्षा मोठा पुरावा नको. मात्र ते घडले, कारण त्या एका खाटेला पुरेसे हात लाभले.

इतक्या अपुऱ्या बळावर राबणारी बाई काही वर्षांत आतून करपते. तिची चिडचिड होते, मग ती कोरडी होते, रुग्णाच्या हाकेला उशिरा उठते. आणि आपण म्हणतो, ‘सिस्टर आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत.’ रुग्णालय प्रशासन एखाद्या शनिवारी ताणतणाव व्यवस्थापनाची कार्यशाळा ठेवते. तीही पुष्कळदा रात्रपाळी उतरलेल्यांना थांबवून. प्राणायामाचे महत्त्व आम्हाला कोणी शिकवावे असे नाही. पण तो रिक्त पदाचा पर्याय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये या अवस्थेची नोंद व्याधी म्हणून न करता कामाच्या ठिकाणाशी निगडित घटना म्हणून केली. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी अधिक आढळली. कॅलिफोर्नियाने तर हे प्रमाण कायद्यानेच बांधले आणि २००४ पासून अमलात आणले. म्हणजे प्रश्न परिचारिकेच्या मनःशांतीपुरता नाही, तुमच्या-आमच्या वडिलांच्या प्राणाचा आहे.

दुर्घटना घडली की मात्र हीच बाई सर्वांत आधी सापडते. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अतिदक्षता कक्षाला लागलेल्या आगीत दहा अर्भके गेली. कारवाईच्या यादीत परिचारिका होत्या. कंत्राटी होत्या त्यांची सेवाच समाप्त झाली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात अकरा रुग्ण दगावले. पोलिसांनी अटक केलेल्यांत एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका! ज्यांचा हलगर्जीपणा सिद्ध होईल त्यांना शिक्षा जरूर व्हावी. पण इमारतीची वायरिंग, अग्निशमनाची यंत्रणा आणि मंजूर पदांची फाईल सिस्टरच्या टेबलावर असते काय?

‘मुलीच मिळत नाहीत’ ही सबब तर ऐकवत नाही. परिचर्येच्या महाविद्यालयांतून दरवर्षी मुली बाहेर पडतात, आखातात जातात, इंग्लंडात जातात, तेथे नावाजल्या जातात. टंचाई मुलींची नाही. त्यांना टिकवणाऱ्या पदांची आणि पगाराची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली, की पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान वीस हजार रुपये आणि दोनशेहून अधिक खाटा असल्यास राज्य शासनाइतके वेतन द्यावे. आपल्या गावातील चकचकीत रुग्णालयात ती किती पाळली गेली, हे तेथील एखाद्या सिस्टरला विश्वासात घेऊन विचारावे.

सेवा हा शब्द आम्हाला प्रिय आहे. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करता करताच गेल्या. रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने पांढरपेशा घरांतील स्त्रियांना परिचर्येची वाट दाखवली, तेव्हा समाज नाके मुरडत होता. ती सेवा स्वेच्छेची होती. अकरा महिन्यांच्या करारावर, डबल ड्यूटी करणाऱ्या मुलीकडून तिची सक्तीने वसुली करून वर ‘देवदूत’ म्हणणे, याला मराठीत वेठबिगार असा जुना शब्द आहे.

आमच्या वाचकांपैकी अनेक जण धर्मादाय रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत. पुढील बैठकीत नव्या यंत्राच्या खरेदीचा विषय येण्यापूर्वी त्यांनी अधिसेविकेला बोलावून तीन कागद मागावेत: गेल्या महिन्याचे रात्रपाळीचे ड्यूटी-पत्रक, सुट्टी नाकारलेल्यांची यादी आणि वर्षभरात नोकरी सोडून गेलेल्यांची नावे. तिला बसायला खुर्ची द्यावी, आणि ती बोलेल ते इतिवृत्तात नोंदवावे.