बातमी चुकली, तर जबाबदार कोण? बातमीदार, संपादक की वरचे साहेब?

‘कल्याणहून गाडी सुटणार’ अशी बातमी आली, की ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत ती काही मिनिटांत मोबाइलवर फिरते. ती चुकीची निघाली तर उत्तर कोणी द्यायचं? महाराष्ट्रात याची दोन वेगळी उत्तरं मिळाली आहेत.

वांद्रे, २०२०: बातमीदाराला अटक

१४ एप्रिल २०२० रोजी, लॉकडाऊनमध्ये, वांद्रे स्टेशनबाहेर गावी निघालेल्या मजुरांची गर्दी झाली. त्याच सकाळी ‘एबीपी माझा’ने मजुरांसाठी विशेष गाड्यांच्या प्रस्तावाची बातमी दिली होती. बातमीला रेल्वेच्या अंतर्गत पत्राचा आधार होता, असं वाहिनीचं म्हणणं. पोलिसांनी उस्मानाबादच्या प्रतिनिधीला अटक केली. १६ एप्रिलला त्याला जामीन मिळाला. पण बातमी कोणत्या मथळ्यानं, किती वेळा दाखवायची, हे एकटा प्रतिनिधी ठरवत नाही.

पुणे, २०११: कंपनीला दणका

सप्टेंबर २००८ मध्ये ‘टाइम्स नाऊ’नं एका घोटाळ्याच्या बातमीत भलत्याच न्यायमूर्तींचा फोटो दाखवला. फोटो होता सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा. तो पडद्यावर होता जेमतेम १५ सेकंद, पण जाहीर माफी यायला जवळपास दोन आठवडे लागले. पुण्याच्या न्यायालयानं २०११ मध्ये १०० कोटींची भरपाई ठरवली. अपील ऐकण्याआधी २० कोटी जमा करा आणि ८० कोटींची बँक हमी द्या, असं मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हस्तक्षेप केला नाही.

तिसरा मार्ग: राजीनामा

ट्रम्प यांच्या भाषणातले दोन तुकडे जोडून दाखवल्याच्या वादानंतर ९ नोव्हेंबर २०२५ रोजी बीबीसीचे महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांनी राजीनामा जाहीर केला.

मग रेषा कुठे?

वृत्तपत्रावर जबाबदार संपादकाचं नाव छापलेलं असतं. टीव्हीच्या पडद्यावर तशी ओळ नसते. प्रत्येक चुकीसाठी वरिष्ठांना तुरुंगात टाकायचं ठरलं, तर नको असलेली बातमी दाबायला सरकारच्या हाती आयतं हत्यार येईल. पण तपासणीची यंत्रणा वरिष्ठच उभी करतात आणि दुरुस्ती कधी दाखवायची हेही तेच ठरवतात. त्यामुळे चूक कळल्यावरही ती तशीच राहिली, तर जाहीर दुरुस्ती, भरपाई आणि गरज पडल्यास खुर्ची, हा हिशेब त्यांच्याकडेच मागायला हवा.