गाडी कोण चालवणार?

गेल्या रविवारी सकाळी सुभेदार साहेबांचा फोन आला. "जय हिंद साहेब, एक सल्ला पाहिजे होता." मी कंपनी कमांडर असताना ते माझे सीनियर जेसीओ होते. अठ्ठावीस वर्षांची नोकरी संपवून महिनाअखेर पेन्शनवर येत आहेत. मला वाटलं, दुसऱ्या नोकरीबद्दल विचारतील. पण ती त्यांनी आधीच बघून ठेवली होती, पुण्यात, सिक्युरिटी सुपरवायझरची. प्रश्न होता गाडीचा.

"सात सीटर घ्यायची म्हणतोय, डिझेल. ऑन रोड वीस लाखांपर्यंत जाते. गावात जो जो पेन्शनवर आला त्यानं मोठीच गाडी आणली. आपण लहान नेली तर लोक म्हणतील, सुभेदार होऊन काय कमावलं?"

साताऱ्याकडच्या गावांत हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरटी एक माणूस फौजेत असलेल्या गावात कोण काय घेऊन परत आला हे सगळं गाव बघत असतं. म्हणून मी मायलेज, कंपनी वगैरे काही बोललो नाही. एवढंच विचारलं, "साहेब, गाडी चालवणार कोण?"

"मीच की."

"तुम्ही पुण्यात असाल तेव्हा?"

पलीकडे शांतता. घरी राहणार होत्या त्यांच्या सौभाग्यवती, पंच्याहत्तरीच्या आई आणि नुकतंच लर्निंग लायसन्स काढलेली मुलगी.

हा प्रश्न मी विचारू शकलो, कारण मला तो दहा-बारा वर्षांपूर्वी कुणी विचारला नव्हता. विचारला असता तरी मी ऐकलं नसतं हेही खरं.

२०१३ साली भटिंड्याला असताना मी मोठी डिझेल एसयूव्ही घेतली. मेजर होतो, तिशीत होतो, मेसच्या पार्किंगमध्ये सगळ्यांच्या गाड्या मोठ्या होत्या. कॅन्टीनमधून घेतल्यामुळे सवलत मिळाली आणि सवलत मिळाली म्हणून ठरवलं होतं त्यापेक्षा वरचं मॉडेल घेतलं. कॅन्टीनच्या सवलतीची ही गंमत आहे. वाचलेले पैसे खिशात राहत नाहीत, त्यांचं सनरूफ होतं. पंजाबच्या सरळ रुंद रस्त्यांवर दोन हिवाळे गाडी मजेत चालवली.

मग फील्ड पोस्टिंग आलं. कुटुंब पुण्याला गेलं. मी सियाचीनच्या वाटेवर आणि गाडी पुण्यात, एका जुन्या सोसायटीच्या अशा पार्किंगमध्ये, जिथून ती बाहेर काढायला एकाने मागे उभं राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणावं लागे. माझी बायको उत्तम ड्रायव्हर आहे. पण त्या गल्लीत तिने ती गाडी दोनदा काढली, दोनदा घासली आणि किल्ली टेबलाच्या खणात टाकून दिली. गाडी उभीच राहिली, बॅटरी बसली.

पावसाळ्यात एका रात्री मुलाला ताप चढला, १०४ च्या वर. दारात बारा लाखांची गाडी आणि बायको भर पावसात रिक्षा शोधत रस्त्यावर. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी त्यांची जुनी छोटी हॅचबॅक काढली आणि दोघांना दवाखान्यात पोचवलं. मला हे चार दिवसांनी कळलं, फोन लागला तेव्हा. ती रागावली नव्हती. फक्त म्हणाली, "तू गाडी तुझ्यासाठी घेतलीस. इथे तू नाहीस."

तिचं हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. फौजी माणूस नोकरीतला मोठा काळ घराबाहेर असतो, आणि बरेच जण पेन्शननंतरही दुसऱ्या नोकरीसाठी बाहेरच असतात. मग आपली गाडी खरोखर 'फॅमिली कार' असायला हवी असेल तर ती आपण नसताना चालली पाहिजे. घरात सगळ्यात कमी सराव असलेला जो ड्रायव्हर आहे, त्याला ती रात्री, पावसात, अरुंद बोळातून एकट्याने काढता आली पाहिजे. ज्या गाडीला हे जमत नाही ती कितीही दणकट असली तरी घरच्यांच्या उपयोगाची नाही.

त्या गाडीने पुढेही बरंच शिकवलं. पंजाबचा नंबर असलेली गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे तिकडचं एनओसी, इथला रोड टॅक्स, मग तिकडच्या टॅक्सचा परतावा मिळवण्यासाठी अर्ज. या खेपा मी फील्डमध्ये असल्यामुळे बायकोने घातल्या. २०२१ पासून बीएच सीरिज आली आणि नोकरीतल्या लोकांचा हा त्रास पुष्कळ कमी झाला. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि बदलीबरोबर नंबर बदलायचा नाही. ज्यांच्या बदल्या अजून बाकी आहेत त्यांनी नवी गाडी घेताना याचा विचार जरूर करावा. सुभेदार साहेब आता बदल्यांतून सुटले, त्यांना साधा एमएच नंबरच बरा.

शेवटी दिल्लीची बदली आली आणि हिशोब पूर्ण झाला. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी, हा एनजीटीचा २०१५ चा आदेश. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. पुढे त्यावर बराच खल झाला, सवलतीही आल्या, पण मला त्यांचा उपयोग नव्हता. माझ्या गाडीला नववं लागलं होतं आणि गिऱ्हाइकाला ते माझ्याइतकंच माहीत होतं. मिळेल त्या भावाला दिली.

डिझेल 'परवडतं' म्हणणाऱ्यांसाठी एक साधा हिशोब. सोयीसाठी पेट्रोल १०० रुपये आणि डिझेल ९० रुपये लिटर धरू. पेट्रोल गाडी लिटरला १६ किलोमीटर देते, तशीच डिझेल गाडी २० देते असं समजू. वर्षाला १०,००० किलोमीटर चाललात तर पेट्रोलचा खर्च ६२,५०० रुपये, डिझेलचा ४५,०००. वाचले १७,५००. डिझेल गाडी दीड लाखाने महाग असेल तर तो जादा पैसा वसूल व्हायला साडेआठ वर्षं लागतात. सुभेदार साहेबांची मुलगी कॉलेजला एसटीने जाते. गाडी लागणार ती बाजाराला, दवाखान्याला, लग्नकार्याला. वर्षाला ६,००० किलोमीटर झाले तरी खूप. त्या हिशोबाने वसुलीला चौदा वर्षं. तोवर गाडीच्या रजिस्ट्रेशनची मुदत संपत आलेली असेल.

त्यातून बीएस-६ डिझेलचं आणखी एक दुखणं आहे. धूर स्वच्छ करायला सायलेन्सरच्या वाटेवर एक फिल्टर असतो, डीपीएफ. त्यात काजळी साठते आणि ती जळून जायला गाडी मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर बरा वेळ सलग पळावी लागते. माझ्या एका मित्राची गाडी कॅन्टोन्मेंटमध्ये क्वार्टर ते ऑफिस, ऑफिस ते क्वार्टर, रोज दोन-दोन किलोमीटर. सहा महिन्यांत दिवा लागला. आता तो दर पंधरवड्याला काही काम नसताना हायवेवर चक्कर मारून येतो, फिल्टरसाठी. ज्याला रोज शंभर किलोमीटर जायचंय त्याने डिझेल खुशाल घ्यावं. गावातल्या गावात फिरणाऱ्याने नाही.

सीएनजी स्वस्त पडते, पण डिकीचा बराच भाग सिलिंडर खातो, आणि पंप जवळ आहे का ते आधी बघायला हवं. डोंगराळ भागातल्या पोस्टिंगवर त्याचा उपयोग नाही. इलेक्ट्रिकचं उलटं. सरकारी क्वार्टरच्या तिसऱ्या मजल्यावरून चार्जिंगची वायर सोडता येत नाही, पण गावी स्वतःचं अंगण आणि स्वतःचा मीटर असलेल्या माणसाने तिचा विचार करायला हरकत नाही. फक्त विकत घेतानाचा जादा पैसा रोजच्या फिरण्यातून वसूल होतो का, हा वरचाच हिशोब तिथेही मांडावा.

सात सीटचं काय? वर्षातून किती दिवस सात माणसं बसणार, ते बोटांवर मोजा. तिसरी रांग उघडली की बहुतेक गाड्यांत सामानाला जागा उरत नाही, म्हणजे सात माणसं असतील तर पिशव्या मांडीवर. जेजुरीला, पंढरपूरला सगळं घर निघालं तर त्या दिवसापुरती भाड्याची गाडी करावी. आपल्याकडे वडापवाला ओळखीचाच असतो. पाच दिवसांसाठी तीनशे साठ दिवस दोन सीट आणि मोठे टायर पोसायचे, हे कुठलाही क्वार्टरमास्टर मान्य करणार नाही.

दणकटपणाबद्दलही बोलू. फौजेने कित्येक वर्षं ज्या गाडीवर भरवसा टाकला ती जिप्सी. इंजिन १.३ लिटरचं, पेट्रोल. हलकी, साधी, चिखलात रुतली तर चार जवान ढकलून काढतील अशी. तिच्या मागच्या बाकावर बसून पाठीची जी अवस्था होते ती बघता फॅमिली कार म्हणून मी तिची शिफारस करणार नाही. पण काम भागवायला आकार लागत नाही, हे तिने दाखवलं. आणि एनडीएत आम्हाला मिळालेलं पहिलं वाहन तर सायकल होतं. क्लासला स्क्वॉडने सायकलवर जायचं आणि ज्याची सायकल बिघडेल त्याने ती खांद्यावर घेऊन पळायचं. वाहन आपल्याला वाहतंय की आपण वाहनाला, हे तिथे पहिल्या टर्मलाच कळायचं.

हे शेवटचं सुभेदार साहेबांच्या बाबतीत अगदी शब्दशः लागू आहे. गाडीचा पैसा ते कम्युटेशनमधून काढणार होते. कम्युटेशन म्हणजे बक्षीस नव्हे. आपल्याच पेन्शनचा भाग आपण आगाऊ उचलतो आणि पुढची १५ वर्षं दरमहा तेवढी पेन्शन कमी घेतो. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशनही १५ वर्षांचंच. म्हणजे पेन्शन पुन्हा पूर्ण मिळू लागेल तेव्हा ज्या गाडीसाठी ती कापली ती भंगाराच्या रांगेत असेल. त्या वीस लाखांतले दहा जरी बँकेत राहिले तर मुलीच्या पुढच्या शिक्षणाला कुणापुढे हात पसरावा लागणार नाही.

काटकसर कुठे करू नये हेही सांगतो. सुरक्षेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप सुरू झालं आहे. त्यात मोठ्या माणसांसाठी वेगळे आणि मुलांसाठी वेगळे स्टार दिले जातात, ते दोन्ही बघावेत. सहा एअरबॅग, एबीएस, घसरणाऱ्या गाडीला सावरणारं ईएससी आणि मागच्या तिन्ही सीटना पूर्ण बेल्ट, एवढं असल्याशिवाय पुढचं बोलू नये. आणि मागे बसणाऱ्या आजींनीही बेल्ट लावावा. टचस्क्रीन, अलॉय व्हील, सनरूफ नसली तर काही अडत नाही.

मग घ्यावी कशी? माझ्या मते बहुतेक फौजी घरांना चार मीटरच्या आतली, १.२ लिटरपर्यंतच्या पेट्रोल इंजिनची गाडी पुरते. सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे, चार मीटरहून लांब पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के. हा फरकच पुष्कळ काही सांगतो. सीट कमरेच्या उंचीला असावी. फार खाली असेल तर गुडघे दुखणाऱ्या आईला उठता येत नाही, फार वर असेल तर चढता येत नाही. पोट थोडं उंच असावं, गावाकडच्या स्पीडब्रेकरला घासू नये एवढं. दुरुस्तीची सोय तालुक्याच्या गावी असावी. आणि शोरूमला आपण एकट्याने जाऊ नये. जो चालवणार आहे त्याला चालवू द्यावं, जो मागे बसणार आहे त्याला बसवून बघावं. टेस्ट ड्राइव्ह हायवेवर न घेता आपल्या घराच्या बोळात घ्यावी.

सुभेदार साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "बघतो साहेब," म्हणाले. या 'बघतो'चा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. कंपनीत असताना माझे निम्मे बेत त्यांनी याच शब्दाने गुंडाळले होते.

काल परत फोन आला. शनिवारी सगळ्यांना घेऊन ते साताऱ्याला गेले होते. मोठ्या गाडीत आईंना दोघांनी धरून चढवावं लागलं. लहान गाडी शोरूमवाल्याने गावापर्यंत आणू दिली आणि मुलीने ती बोळातून आत घेऊन, वळवून, परत बाहेर काढली. "एकदाच बंद पडली साहेब," त्यांचा आवाज जरा फुगलेला होता. मग थोडं थांबून म्हणाले, "पण गावाला काय सांगायचं?"

"सांगा, पोरगी चालवते."

ते हसले. गाडी अजून बुक केलेली नाही. रंगावरून घरात वाद चालू आहे, आणि त्यात मी पडणार नाही.