विंडोज पुसण्याची घाई नको

सारसोळ्याच्या जेट्टीकडून येणारा दमट, खारा वारा खिडकीतून घरात येतो, तसाच डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्येही शिरतो. पावसाळ्यात संगणक अधूनमधून बंद पडू लागला की बहुतेक घरांत विंडोज नव्याने टाकतात. मला हे मुळीच पटत नाही. फोटो जातात, दोष राहतो. आधी इव्हेंट व्ह्यूअर उघडा. तिथली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद एवढेच सांगते की यंत्र रीतसर बंद झाले नाही. कारण सांगत नाही. निळा पडदा आला तर त्यावरचा कोड लिहून ठेवा. संशय रॅम किंवा ड्रायव्हरवर. मग प्लग काढून रॅमच्या पट्ट्यांची सोनेरी टोके पुसा, घट्ट बसवा, रात्रभर मेमटेस्ट८६ चालवा. एक जरी चूक दिसली तर पट्ट्या एकेक करून तपासा. पडदाही न येता झटकन रीस्टार्ट होत असेल, तर पंख्यातली धूळ आणि एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, पाहा. खरे तर हाच डबा सर्वांत दुर्लक्षित: १२ व्होल्टची लाइन भाराखालीही ११.४ ते १२.६ मध्येच हवी. तो स्वतः उघडू नका, आत वीज साठून राहते. दुकानातून दुसरा आणून लावून बघा. एका वेळी एकच बदल करा, आणि त्याआधी घरच्या फोटोंची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा.