गणिताच्या पाणवठ्यावर आपला हक्क

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेल्या पिढीच्या हाती आज संगणक आला आहे, ही समाधानाची बाब होय. कासूहून पेण-पनवेल गाठून मुले-मुली संगणकाचे वर्ग करतात, एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र मिळवतात, त्यावर नोकरीचा अर्ज करतात. परंतु संगणक चालवता येणे आणि त्यामागचे गणित उमजणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिली आपण बऱ्याच अंशी साध्य केली. दुसरीकडे मात्र आपला समाज अद्याप पुरेसा वळलेला नाही. दहावी होताच अनेक घरांत गणिताची साथ सुटते आणि पुढची कित्येक दारे तिथेच बंद होतात.

‘गणित हा आपला प्रांत नव्हे’ हा न्यूनगंड यामागे आहे. इतिहासाची साक्ष वेगळी आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापणे दरमहा शेकडा १ व्याजाने कायम ठेव म्हणून ठेवली. वर्षाचे व्याज २४० कार्षापणे. त्यातून वर्षावासातील २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ द्यावयाचे. मुद्दल अबाधित, हिशोब नेमका. ज्यांच्यावर हा व्यवहार सोपवला ते हातांनी काम करणारे लोक होते. पुढे परमपूज्य बाबासाहेबांनी चलन आणि किमतींच्या प्रश्नावर ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ मध्ये सिद्ध केला, तोही आकड्यांना न भिता.

संगणकाची जोड असलेले गणित म्हणजे काय, असे पालक विचारतात. संगणकाला प्रत्येक काम पायरीपायरीने सांगावे लागते. ही रीत बिनचूक आहे का, ती किती वेळ घेईल, याहून चांगली रीत आहे का, हे ठरवण्याचे शास्त्र म्हणजे हे गणित. तर्कशास्त्र, संभाव्यता, संख्याशास्त्र, बीजगणित ही त्याची अंगे. मुंबई आयआयटीत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना लिनिअर प्रोग्रामिंगची नवी रीत मांडली. अनेक अटी पाळून मर्यादित साधनांचे उत्तम वाटप कसे करावे, असा तो प्रश्न. यंत्र तेच राहिले. रीत बदलली आणि प्रचंड आकाराची उदाहरणे सोडवण्याचा नवा मार्ग खुला झाला.

‘एवढे शिकून पोटाचे काय?’ ही शंका रास्त आहे. कर्ज काढून शिकवणाऱ्या घराला ती विचारण्याचा अधिकार आहे. मात्र आता संगणकच प्रोग्रॅम लिहू लागला असताना केवळ बटणे दाबण्याच्या कौशल्याचे मोल घटत जाणार. पायाचे ज्ञान टिकणार. वाटाही आहेत. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. गणितात संगणक प्रोग्रॅमिंगचा विषय घेता येतो. पुणे विद्यापीठात औद्योगिक गणित व संगणक उपयोजन असा एम.एस्सी.चा अभ्यासक्रम आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०२२ पासून गणित व संगणनात बी.टेक. सुरू केले. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट गणित आणि संगणकशास्त्राची एकत्रित पदवी देते.

प्रश्न केवळ नोकरीचा नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज आज संगणकावर भरला जातो, कर्ज कुणाला द्यावे याचा अंदाज संगणक बांधतो. कोणते निकष धरावे, कोणाची कोणती माहिती मोजावी, हे माणसेच ठरवतात. ती माणसे आपल्या वस्त्यांतून आलेली नसतील, तर आपली परिस्थिती त्या निकषांत कशी उतरेल? २० मार्च १९२७ रोजी आपल्याच जिल्ह्यातील महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन झाले, ते समतेचा हक्क बजावण्यासाठी. गणित हाही असाच सार्वजनिक पाणवठा आहे. त्यावर पाटी कुणी लावलेली नाही. तरी आपण काठावरूनच परतत आहोत.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने दोन विनंत्या. माजी विद्यार्थ्यांनी, विशेषतः अभियंते व बँकेत काम करणाऱ्यांनी, महिन्यातून एक रविवार वसतिगृहातील मुलांच्या गणितासाठी द्यावा. पालकांनी, विशेषतः मुलींच्या पालकांनी, अकरावीचा अर्ज भरताना केवळ भीतीपोटी गणित खोडू नये. ‘शिका’ या बाबासाहेबांच्या आदेशात अवघड विषयही येतात.

जय भीम!