पदरी घेतलेला जीव

मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्याचे पिल्लू पाहिले की लहानथोरांचे मन हरखून जाते. अंगावर काळेपांढरे मऊ केस, अर्धवट वाकलेले कान आणि डोळ्यांत न मावणारे कुतूहल! त्यातून ते कोणी टाकून दिलेले असेल, तर मुलांच्या मनात करुणा दाटून येते आणि ते घरी नेण्याचा हट्ट सुरू होतो. करुणा हा मोठाच गुण आहे; परंतु एखादा जीव पदरी घ्यावयाचा तर एकटी करुणा पुरी पडत नाही.

इंग्लंडमध्ये निराधार कुत्र्यांना आसरा देणाऱ्या संस्थांची परंपरा जुनी आहे. १८६० साली मेरी टील्बी नावाच्या बाईंनी लंडनमध्ये असे एक आश्रयगृह काढले, तेव्हा वृत्तपत्रांतून त्यांची थट्टा झाली. पण ते कार्य टिकले. १८७१ साली ते आश्रयगृह बॅटरसी या भागात गेले आणि आजही ते चालू आहे. अशा संस्था मागेल त्याला पिल्लू देऊन मोकळ्या होत नाहीत. घरी दिवसभर कोण असते, अंगण आहे काय, कुत्र्याला फिरावयास कोण नेणार, असे अनेक प्रश्न त्या विचारतात. पुष्कळांना ही चौकशी जाचक वाटते; वस्तुतः ती अत्यंत आवश्यक आहे.

कित्येक जण मिश्र जातीचे पिल्लू म्हटले की नाक मुरडतात. त्यांनी ओल्ड हेम्प या कुत्र्याची हकीकत ध्यानात घ्यावी. १८९३ साली इंग्लंडच्या उत्तर सरहद्दीवरील नॉर्थम्बरलंड परगण्यात तो जन्मला. त्याचा बाप मोकळ्या स्वभावाचा, तर आई बुजरी, पण मेंढ्यांवर विलक्षण जरब बसविणारी होती, असे सांगतात. दोन भिन्न स्वभावांच्या या पिल्लालाच आज ‘बॉर्डर कॉली’ या नामांकित जातीचा मूळ पुरुष मानतात. मेंढपाळांनी त्याचे रूप पाहिले नाही, काम पाहिले. महाराष्ट्रातील धनगराच्या कुत्र्याचे काम मेंढ्या वळण्यापेक्षा राखण्याचे असते. पण त्याचीही खरी परीक्षा लांडगा आला म्हणजेच होते.

मात्र या कुत्र्यांच्या रक्तातच काम असते, हे विसरता कामा नये. दबा धरणे, नजर रोखणे, वळसा घालून कळपाला एकत्र आणणे या गोष्टी त्यांच्या वंशात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या आहेत. मिश्र जातीच्या पिल्लातही त्या बहुधा उतरतात. घरात मेंढ्या नसल्या, की ते पिल्लू धावणाऱ्या मुलांनाच वळू लागते, सायकलींमागे लागते, टाचांना दात लावते. हा त्याचा दुष्टपणा नव्हे. ते आपले काम शोधीत असते. त्याला रोज भरपूर धावणे आणि शिकवणे न मिळाले, तर ते भुंकून घर डोक्यावर घेते, सामान कुरतडते. मग घरची माणसे कंटाळतात आणि ते बिचारे पुन्हा आश्रयगृहात येऊन पडते.

कोणी म्हणेल, “इतका विचार करीत बसले, तर या पिल्लांना घरे मिळणार कशी?” शंका रास्त आहे. परंतु मिळालेले घर सुटले, तर त्या मुक्या जीवाचा माणसावरील विश्वास डळमळतो. कुत्रा बारा ते पंधरा वर्षे जगतो. आज अकरा वर्षांच्या मुलाने आणलेले पिल्लू म्हातारे होईल, तेव्हा तो मुलगा पंचविशीत पोहोचलेला असेल. तोवर रोजचे खाणे, पिसाळ रोगाची लस, आजारपणातील शुश्रूषा आणि भर पावसातही फेरफटका, हे सारे कोणीतरी करावेच लागते. हौस ओसरली तरी कर्तव्य ओसरत नाही.

म्हणून पिल्लू घरी आणण्यापूर्वी सर्व कुटुंबाने एकत्र बसून विचार करावा आणि कोणी काय करावयाचे ते ठरवावे. ज्यांना हे सारे झेपेल, त्यांनी जातकुळी न पाहता ते पिल्लू आनंदाने न्यावे. ज्यांना झेपणार नाही, त्यांनी तसे प्रांजळपणे सांगावे, आणि शक्य तर त्या पिल्लाच्या लसीचा किंवा अन्नाचा खर्च उचलावा. असा नकारही त्या पिल्लावरची मायाच होय.