फौजीची तारीख चुकू नये म्हणून

दारू सोडवण्याचा उपचार एका खेपेत संपत नाही. खरी कसोटी लागते ती घरी परतल्यावर, आणि नेमक्या तेव्हाच दवाखान्याच्या तारखा चुकू लागतात.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी दवाखान्यांचे मोठे जाळे आहे. कोणता रोगी पुढची तारीख चुकवील, याचा अंदाज जुन्या नोंदींवरून बांधण्याची खटपट तिथल्या संशोधकांनी केली आहे. त्यातली मोठी खूण अगदी साधी आहे. ज्याच्या मागच्या तारखा चुकल्या, त्याची पुढचीही चुकण्याचा संभव अधिक. तारीख फार लांबची असली, तरी तेच.

हा अंदाज घरच्या माणसांनाही बांधता येतो. सातारा-कोल्हापूरकडे निवृत्त फौजींची घरे पुष्कळ. त्यांच्यासाठी २००३ पासून ईसीएचएसचे दवाखाने आहेत, पण गावापासून दूर. त्यात सुगीची घाई, एसटीची वाट आणि 'मी फौजी, मला कुणाची गरज?' हा ताठा.

तेव्हा तारीख कॅलेंडरवर ठळक लिहा. आदल्या रात्री आठवण द्या, सोबत कुणीतरी जा. एकदा चुकलीच, तर टोमणे मारू नका. 'आता कोणत्या तोंडाने जाऊ?' या लाजेपायीच उपचार सुटतो. लगेच जवळची तारीख मागून घ्या.

आणि एक ध्यानात ठेवा. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. झटके येऊन जिवावर बेतते. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.